वाकडेपणाची किंमत

माशांच्या दुकानात सगळ्यात महाग मासा कोणता असतो, हे कधी नीट पाहिलंय का? सरळ, सडपातळ, चपळ मासा तिथे सगळ्यात स्वस्त. पिशवीत चार-सहा एकदम बांधून देतात. पण ज्याचं पोट फुग्यासारखं टम्म झालंय, ज्याच्या शेपटीचे दोन पदर झालेत, ज्याच्या पाठीवरचा पर मुळात उगवलेलाच नाही, ज्याच्या डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या पिशव्या लोंबताहेत, त्याची किंमत चढत जाते. मासा जितका माशासारखा दिसेनासा होईल तितका त्याचा भाव जास्त! आणि त्याच दुकानात मागच्या बाजूला, मोरीजवळ, एक बादली असते. ज्यांचा कणा कुणीही न ठरवता आपला आपण वाकडा झाला, असे मासे तिच्यात टाकलेले असतात. त्यांची किंमत शून्य. मोठ्या माशांचं खाद्य म्हणून ते संपतात.

म्हणजे वाकडेपणा दोन्हीकडे आहे. एक आपण ठरवून केलेला, म्हणून शोभेचा. दुसरा आपल्याला न विचारता झालेला, म्हणून टाकाऊ. गेली काही वर्षं हा हिशेब माझ्या डोक्यात घोळतोय, कारण त्या बादलीतला एक मासा आमच्या बैठकीच्या खोलीत राहतो.

तो आला २०२१ च्या डिसेंबरात. नातवाच्या पेटीसाठी (अ‍ॅक्वेरियमला आमच्या घरात पेटीच म्हणतात) गाळणीचा स्पंज हवा होता म्हणून आम्ही दोघं आजी-नातू गेलो होतो. नवा माल आला होता. शोभेच्या माशांची पैदास आपल्या देशात हावडा-कोलकात्याच्या बाजूला आणि चेन्नईतल्या कोळत्तूर भागात मोठ्या प्रमाणावर होते. तिथून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थोडं पाणी आणि वर प्राणवायू भरून हे जीव देशभर जातात. दुकानातला पोरगा जाळीने मासे निवडत होता, आमच्याकडे बायका तांदूळ निवडतात तसे. एक छोटा केशरी गोल्डफिश त्याने न बघता बादलीत टाकला. मी म्हटलं, "हा देतोस का?" तो म्हणाला, "आजी, त्यो डिफेक्ट पीस हाय. दुसरा घ्या की, चांगला देतो." मी तोच मागितला. त्याने पैसे घेतले नाहीत, मीही आग्रह केला नाही. पैसे न देण्याला माझ्या लेखी महत्त्व आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

वरून पाहिलं तर त्याचा आकार अगदी अवग्रहासारखा होता. संस्कृतात लोपलेल्या अकाराची जागा दाखवायला आणि मराठीत "अरेऽऽ" अशी हाक लांबवायला जे चिन्ह वापरतो ना, तसा. डोकं एका बाजूला, मधला भाग दुसऱ्या बाजूला आणि शेपटी पुन्हा पहिल्या बाजूला. बाजूने पाहिलं तर डोक्यामागे एक उंचवटा आणि शेपटी खाली झुकलेली. एका बाजूचं कल्ल्यावरचं झाकणही थोडं आखूड. आमच्या ह्यांनी 'अष्टावक्र' सुचवलं होतं, पण ते नाव पेलायला जनकाच्या सभेत वाद घालण्याइतकी विद्वत्ता हवी. नाव 'अवग्रह' ठेवलं. नातू 'अवी' म्हणतो.

माशांचा कणा वाकडा का होतो, याची कारणं अनेक. कधी ते जन्मजात असतं. कधी अंड्यातून बाहेर आल्यावरच्या दिवसांत खाद्यात 'क' जीवनसत्त्व कमी पडलं तर होतं. कधी इजा होते. आणि कधी तो माशांचा क्षय असतो. हो, माशांनाही क्षय होतो, आणि त्याचे जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून कातडीला त्रास देऊ शकतात. म्हणून असा मासा घरी आणणाऱ्याने आधी दयेला जरा बाजूला बसवावं. अवग्रह पहिला दीड महिना वेगळ्या टबात होता. त्याची जाळी वेगळी, पाण्याचा मग वेगळा, आणि माझ्या बोटाला विळीचा एक बारीक काप होता तर मी हातमोजा घालत होते. तो खंगला नाही, अंगावर व्रण उठले नाहीत, खात राहिला. मग पेटीत गेला. नातवाच्या माशांमध्ये मात्र नाही, स्वतःच्या पेटीत. कारण चपळ माशांच्या पंगतीत याच्या वाटणीला काहीच येत नाही. हे शाळेतल्या मधल्या सुट्टीत पुरेसं पाहिलेलं आहे.

आता थोडं पाण्याविषयी, कारण मासा पाळणं म्हणजे खरं तर पाणी पाळणं. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि साठला तर त्यालाच भाजून काढतो. पेटीतले काही जीवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य. हे जीवाणू नव्या पेटीत नसतात. त्यांची वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि हौसेने आणलेले निम्मेशिमगे मासे ह्याच आठवड्यांत दगावतात. त्यावर उपाय म्हणजे विरजण! चालू पेटीतला जुना, कळकट स्पंज नव्या पेटीत ठेवायचा. दही लावणाऱ्या बाईला हे पटकन कळतं, पदवीधर जावयाला समजावून सांगावं लागलं. (जावई हा लेख वाचतात, म्हणून लिहिलं.) तो स्पंज नळाखाली लख्ख धुवायचा नाही, पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती सगळी वस्ती मरते. पेटीत घालायचं पाणीही आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवायचं. पावसाळ्यात पाण्याला औषधाचा वास जास्त येतो तेव्हा मी त्यात हायपो घालते. पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तेच हे. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं, आणि काढलेलं पाणी जास्वंदीला. जास्वंद इतकी फुलली आहे की शेजारच्या वहिनी खत कोणतं म्हणून विचारतात.

वाकड्या माशासाठी आणखी थोडं करावं लागतं. पाणी दहा इंचांपेक्षा वर ठेवत नाही, कारण वर-खाली करण्यातच त्याची दमछाक होते. उंची कमी ठेवली म्हणून लांबी वाढवली, दोन फुटी पेटीची पुढे तीन फुटी झाली. गाळणी अशी की प्रवाह जाणवू नये. तळाशी धारदार खडी नाही, प्लॅस्टिकचा किल्ला नाही, पाणबुड्या नाही. एक गुळगुळीत नदीचा धोंडा आहे आणि त्याला बांधलेला जावा फर्न. रात्री अवग्रह त्या दोहोंच्या मध्ये अंग टेकून झोपतो, उजवीकडे कललेला. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. "अहो, तुमचा मासा गेला वाटतं!" असं आतापर्यंत तीन पाहुण्यांनी सांगितलंय. त्यातले एक तर सांत्वनाच्या सुरात बोलू लागले होते.

खाण्याचं म्हणाल तर गोल्डफिशला जठर नसतं. दात असतात, पण ते घशात. त्यामुळे थोडं थोडं, दिवसातून दोनदा. वर तरंगणारे दाणे खाताना तो हवा गिळतो आणि मग पोट वर करून तरंगायला लागतो, म्हणून दाणे आधी भिजवून बुडतील असे करायचे. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेला मटार, साल काढून. त्याला एका जागी खायची सवय लावली आहे, बशीसारखी एक खोलगट चकती तळाशी ठेवलीय. टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं की तो धोंड्यामागून निघतो आणि आपली ती नागमोडी चाल करत चकतीपाशी येतो. लोक म्हणतात माशाची आठवण तीन सेकंदांची. साफ खोटं आहे. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने १९२३ सालीच एका आंधळ्या मार्जारमीनाला शिट्टी ऐकून खायला यायला शिकवलं होतं, आणि त्यावर निबंध लिहिला होता. या फॉन फ्रिशना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं, ते मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल. गोल्डफिश आणि मार्जारमीन यांच्यात पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, म्हणजे वाताशयापासून, कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. तिच्यामुळे त्यांना पुष्कळ चांगलं ऐकू येतं. ही हाडं मुळात कण्याच्या पहिल्या मणक्यांचीच. अवग्रहाचा कणा वाकला तो त्याच्या मागे वाकला, म्हणून टकटक पोचते.

असो. पाळण्याबद्दल पुष्कळ झालं. माझं म्हणणं वेगळंच आहे.

गोल्डफिश हा मूळचा चीनमधला एक साधा, करड्या-हिरवट रंगाचा मासा. कार्प कुळातला. त्यात मधूनच एखादा लालसर-पिवळा निपजायचा. नदीत असा मासा टिकत नाही, बगळ्याला लांबून दिसतो. पण चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीच बौद्ध धर्माच्या प्रभावाने जीव सोडवून तळ्यात सोडण्याची चाल होती. त्या जीवदयेच्या तळ्यांत हे वेगळ्या रंगाचे मासे सोडले गेले, जपले गेले, आणि त्यांची संतती वाढली. म्हणजे पहा, जगभरच्या दिवाणखान्यांत पोहणारा हा मासा मुळात 'वाचवलेला' मासा आहे! जो निसर्गात वेगळेपणामुळे मेला असता, त्याला कुणीतरी वेगळेपणासाठीच जगू दिलं. मला हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण पुढचं ऐका. मिंग काळात हे मासे तळ्यातून घरातल्या मातीच्या, चिनी मातीच्या भांड्यांत आले. भांड्यात मासा वरून दिसतो. मग वरून पसरलेली दिसावी म्हणून दुहेरी शेपटी, वरून उठून दिसावेत म्हणून बाहेर आलेले डोळे, अशी निवड सुरू झाली. भांड्यात बगळा नाही, प्रवाह नाही, अन्नासाठी धावाधाव नाही, त्यामुळे कसलाही आकार तगून राहू शकला. डार्विनने १८६८ साली पाळीव प्राणी आणि वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला त्यात गोल्डफिशची दखल घेतली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून तर कळलं की दुहेरी शेपटीमागे 'कॉर्डिन' नावाच्या जनुकातला बदल आहे. गोल्डफिशकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी घर सांभाळते, म्हणून तो मासा जगू शकतो. दुहेरी शेपटी म्हणजे तसं पाहिलं तर एक जन्मजात दोषच, फक्त त्याला गिऱ्हाईक मिळालं.

दयेने जे तळं बांधलं त्यातूनच पुढे ही हौस निघाली. आणि हौसेला तळ नसतो. अंग आखडून गोल केलं की आतलं वाताशय चेपतं, मासा तोल सांभाळू शकत नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या कुठे घासल्या तर फुटतात. गोल्डफिश सोडून इतरांकडे पाहा. 'ब्लड पॅरट' नावाचा लालभडक मासा १९८० च्या दशकात तैवानमध्ये दोन जातींच्या संकरातून तयार केला गेला. त्याचं तोंड नीट मिटत नाही, घास घशातल्या दातांनी चावावा लागतो. त्यातल्या काहींची शेपटी लहानपणीच कापतात, का तर अंगाचा आकार बदामासारखा दिसावा, प्रेमिकांना भेट द्यायला! आपल्या भारतातला, पारदर्शक अंगाचा चिमुकला काचमासा घ्या. त्याचं सौंदर्य त्या पारदर्शकतेत. तर परदेशांत त्याला सुईने रंग टोचून हिरवा-गुलाबी करून विकत. हे सगळं करणाऱ्यांना कुणी विकृत म्हणत नाही. विकृत आमचा अवग्रह, तो डिफेक्ट पीस!

यावर लोक म्हणतात, "बाई, कुत्र्या-मांजरांचंही तेच चाललंय. पगला श्वास घेता येत नाही, तरी लोक घेतातच." मान्य. म्हणून तर जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात, ज्या पैदाशीमुळे पिलांना वेदना होणार हे दिसतंय ती करायला मनाई करणारं वेगळं कलम आहे. रोमच्या नगरपालिकेने २००५ साली गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी केली. आपल्याकडचा प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, आणि त्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव. मासा त्यात येतो. पण माशाला ओरडता येत नाही, ही त्याची खरी अडचण. मांजर ओरडतं, कुत्रं विव्हळतं. मासा गप्प राहून मरतो, आणि आपण म्हणतो, 'नाजूक असतात हो हे.'

आता मघाचा पैशाचा मुद्दा. आमच्या भिशीतल्या एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी मला म्हणाल्या, "तुम्हाला एवढा कळवळा आहे, तर तो डोळ्यांखाली पिशव्यांचा मासा दुकानात किती दिवस पडलाय, तोही घेऊन या की. सोडवल्याचं पुण्य लागेल." मी नाही आणला. लोकांना हे कठोर वाटतं. पण दुकानदाराच्या वहीत 'कळवळ्याने नेला' असा रकाना नसतो. तिथे एवढंच लिहिलं जातं की तो मासा सातशे रुपयांना गेला, आणखी दोन मागवा. मी एक सोडवला असता आणि दोन जन्माला घातले असते. कुणी घर बदलताना असा मासा टाकून जात असेल, तर तो मी घेईन. ज्याची आधीच पैदास झाली, त्या जिवाचा काय दोष? पण गल्ल्यावर पैसे ठेवून केलेल्या सुटकेला मी खरेदीच म्हणते. या मुद्द्यावर माझं आणि त्या मैत्रिणीचं अजून जमलेलं नाही. भिशी चालू आहे.

दुसरा सल्ला, नदीत सोडून द्या. कृष्णामाई सांभाळेल! हा तर मला मुळीच पटत नाही. एक तर असा मासा नदीत एक दिवस काढणार नाही. आणि जे काढू शकतात, त्यांचं काय होतं हे आपण पाहतोच आहोत. काच साफ करतो म्हणून लोकांनी आणलेला सकरमासा नकोसा झाल्यावर पाण्यात सोडला गेला, आणि आज तो भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसलाय. कोळ्यांची जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आपल्या पुण्याचा खर्च कोळ्याने का भरायचा?

तिसरा प्रश्न जास्त अवघड आहे. माझी भाची डॉक्टर आहे. तिने मला सरळ विचारलं, "मावशी, तू त्याला जगवतेस ते त्याच्यासाठी की तुझ्यासाठी? त्याला त्रास होत असेल तर?" हा प्रश्न मी टाळत नाही. मी त्यासाठी एक वही ठेवली आहे, शाळेतल्या हजेरीपटासारखी. रोज तीन खुणा. आपण होऊन खाल्लं का, टकटक ऐकून आला का, कल्ल्यांची उघडझाप संथ आहे का. कधीकधी एखादी खूण चुकते. २०२३ च्या मे महिन्यात, पाणी फार तापलं होतं तेव्हा, सलग पाच दिवस दोन-दोन खुणा चुकल्या. मी पेटीला ओला पंचा गुंडाळून पंखा लावून बसत होते, आणि मनाशी ठरवलं होतं की आणखी दोन दिवसांत खाल्लं नाही तर आता पुरे म्हणायचं. ते कसं करायचं हेही भाचीकडून समजून घेतलं होतं, लवंगेचं तेल डबीतून काढून कपाटात समोर ठेवलं होतं. सहाव्या दिवशी त्याने मटार खाल्ला. डबी अजून कपाटात आहे. जगवणं हेच नेहमी बरोबर, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तो निर्णय त्याची वही बघून व्हावा. त्याचा कणा बघून नको. दुकानात जो निर्णय जाळीच्या एका हिसक्यात झाला होता, त्याला पाच सेकंदही लागले नव्हते.

माणसांची आणि माशांची तुलना करू नये, हे मला कळतं. तरी चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. लहानपणी पाठीच्या कण्याचा क्षय झालेला, पाठीला बाक आलेला. अतिशय गप्प. खेळाच्या तासाला त्याला झाडाखाली बसवत, "तुला नाही जमायचं." स्नेहसंमेलन आलं तेव्हा मात्र एका शिक्षकांना त्याची पहिली आठवण झाली. मंथरेचं काम त्याला द्यायचं ठरत होतं. मेकअपचा खर्च नाही, असंही कुणीतरी म्हणालं आणि शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. मी भांडले. मुख्याध्यापकांपर्यंत गेले. पण खरा निकाल लावला त्या मुलानेच. त्याला बोलावून विचारलं, "तुला काय करायचंय?" तो म्हणाला, "पडदा ओढीन." त्याचे हात फार मजबूत होते, घरी रहाट ओढायची सवय. त्या वर्षी आमचा पडदा एकदाही अडकला नाही. पुढे तो कुठे गेला, काय झाला, मला माहीत नाही. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचा पत्ता माझ्याकडे असतो, अशी फुशारकी मी मारणार नाही.

मला तेव्हा राग कशाचा आला होता, ते अवग्रह घरात आल्यावर मी जास्त नीट सांगू शकते. एरवी ज्याला बाजूला बसवायचं, त्याचा आकार मनोरंजनाला उपयोगी पडला की पुढे आणायचं. बादली आणि काचेचा शोकेस यांमध्ये तिसरी जागाच नाही.

आणि आपण शिक्षकांनी, लेखकांनी त्याला एक वेगळंच वळण दिलंय. वर्गात 'बाह्य रूपाला भुलू नका' हे शिकवायची वेळ आली की आपल्याकडे दोन हुकमी पानं असतात. एक, उसाच्या वाकडेपणावरचा चोखोबांचा अभंग. दुसरं, ग. दि. माडगूळकरांनी मराठीत आणलेलं ते कुरूप पिल्लू. ते मुळातलं हान्स अँडरसनचं, १८४३ मधलं. दोन्ही मी आवडीने शिकवली आहेत. चोखोबांच्या बोलण्यामागे जे जळतं दुःख आहे त्यापुढे मी काय बोलणार? त्यांना देवळाच्या दारात अडवलं होतं, त्यांचा प्रश्न अडवणाऱ्यांना होता. पण वर्गात आपण त्याचं काय करून ठेवलं, तर वाकड्याने आत गोडवा असल्याचं सिद्ध करावं! कुरूप असेल तर शेवटी राजहंस निघावं! नाही निघाला तर? अवग्रह चार वर्षं पाहतेय. तो राजहंस होणार नाही. त्याच्यात काही लपलेला गुण नाही, तो हुशार नाही, प्रेमळ तर नाहीच, माझं बोट आणि मटार यातला फरक त्याला अजून कळत नाही. तो खातो, झोपतो, धोंड्याला टेकतो, शेवाळाला तोंड लावून पाहतो. एवढंच करण्यासाठी कुणाला लायकीचा दाखला द्यावा लागू नये, असं मला वाटतं.

वास्तूवाल्यांचा उल्लेख राहिला. २००० सालानंतर आपल्याकडे फेंगशुईची एवढी लाट आली की आरोवाना घ्या, कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न घ्या, लक्ष्मी येते, असं सांगणारे गल्लोगल्ली झाले. फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरचं टेंगूळ शुभ आणि आमच्या अवग्रहाच्या पाठीवरचं अशुभ! एका गृहस्थांनी मला गंभीरपणे सांगितलं, की अपंग मासा ईशान्येला ठेवू नका. आमची ईशान्येला मोरी आहे, त्यामुळे प्रश्न मिटला.

मला आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला एक त्रेचाळीस वर्षं जगला होता, १९९९ मध्ये गेला. अवग्रहाचं आयुष्य तेवढं नसेल, पण माझ्यापेक्षा जास्त असू शकतं, आणि हा विचार करणं माझ्या वयात व्यवहाराचं आहे. मुलगा म्हणतो, "आई, असलं काही बोलू नकोस." सून मात्र शहाणी, ती म्हणाली, "लिहून ठेवा." तळमजल्यावरची एक मुलगी, अकरावी शास्त्राची, रविवारी पाणी बदलायला येते. तिने स्वतःहून 'मी नेईन त्याला' म्हटलंय, तिच्या आईचीही ना नाही. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कागद चिकटवलाय. त्यावर स्पंज कसा पिळायचा, हायपो किती घालायचा, उजवीकडे कललेला दिसला तर रडायचं नाही, झोपलेला असतो, अशा अकरा सूचना आहेत. वहीच्या तीन खुणाही तिला समजावल्या आहेत, आणि ती लवंगेच्या तेलाची डबी कशासाठी आहे तेही. परवा तिने विचारलं, "आजी, हिवाळ्याव्यतिरिक्त मटार कुठून आणायचा?" म्हणून बारावी सूचना लिहिली. फ्रीजरमधला चालतो, पण साल काढून.